लोहारीण आणि खड्डेवाले साहेब

माझ्या गोष्टीच्या पहिल्याच पानावर नायिका चुलीपाशी बसून बटाटे सोलत होती. काळ दोन हजार वर्षांपूर्वीचा, बाहेर आयर्लंडचं धुकं, आत धूर, आणि तिच्या हातात बटाटा. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्या कँटीनमध्ये एकाच ताटात तीन प्रकारचे बटाटे वाढतात. मला वाटलं, हे इथलं अनादी काळापासून चालत आलेलं असणार.

तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. डब्लिनजवळ लिक्सलिपला संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, आणि राहायला ॲडम्सटाउनला, स्टेशनासमोरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. पुण्यात झालेलं लग्न मोडून आठ वर्षं झाली होती. त्याबद्दलचं रडणंही कधीच संपलं होतं. आयुष्य बरं चाललं होतं, म्हणजे फारसं काही चाललंच नव्हतं.

एका शनिवारी लायब्ररीत एक पत्रक दिसलं. जवळच्या एका शेतात फार जुनं टेकाड आहे, माणसांनी माती रचून केलेलं. त्याच्या पायथ्याशी ऑगस्टमध्ये गावकरी नाटुकलं करणार होते. केल्टिक काळातली प्रेमकथा हवी होती, त्यात थोडी जादू असली तर उत्तम. कुणीही लिहू शकत होतं. मी घरी आले, भात लावला आणि लिहायला बसले. भात करपला.

माझी नायिका होती लोहारीण. बाप गेल्यावर भट्टी तिनेच चालवायला घेतलेली. तिच्या गावाबाहेर एक टेकाड, आणि त्या टेकाडाखाली दुसरेच लोक राहतात. ते म्हातारे होत नाहीत, पण त्यांना लोखंड सोसत नाही. नुसता स्पर्श झाला तरी कातडी राखेसारखी गळते. तिच्या घणाच्या आवाजाने खाली सगळ्यांची डोकी दुखतात, म्हणून एक दिवस त्यांच्यातला एकजण तक्रार करायला वर येतो. येतो भांडायला आणि परत जायचं नाव घेत नाही. ती भट्टी सोडू शकत नाही, तो भट्टीजवळ येऊ शकत नाही. मग दोघं ओढ्याच्या दोन काठांवर बसून बोलतात. दहा दिवस कामावरून आले की मी त्या ओढ्याकाठी जाऊन बसत असे. शेवट मात्र सुचेना. शेवटी कंटाळून मी दोघांनाही धुक्यात विरघळवून टाकलं आणि गोष्ट पाठवून दिली.

ती निवडली गेली. एकूण तीनच आल्या होत्या आणि त्यातली एक कुत्र्याबद्दल होती, हे मला नंतर कळलं. ग्रंथपालबाई फोनवर म्हणाल्या, "गोष्ट ग्रँड आहे. फक्त युअर मॅनच्या नजरेखालून एकदा घालू या, त्या खोदकामवाल्याच्या." इथे कुणाचंही नाव न घेता बोलायचं असलं की 'युअर मॅन' म्हणतात. हे युअर मॅन पुरातत्त्वाचं काम करत. कुठे नवा रस्ता व्हायचा असला की आधी तिथे खणून जुनं काही सापडतंय का ते पाहायचं, हा त्यांचा धंदा.

दोन दिवसांनी त्यांची ईमेल आली. एकेचाळीस मुद्दे, क्रमाने. पहिला: "बटाटे नव्हते. अजून दीड हजार वर्षं येणार नाहीत." दुसरा: "टोमॅटोही नव्हते." सातवा: "ससे नव्हते. ससे फार नंतर बाहेरच्यांनी आणले. तुमच्या गोष्टीत सात ससे आहेत." अकरावा: "ती त्याला चहा देते. कुठून?" असं करत करत एकेचाळिसावा: "तिच्या शर्टाला बटणं नसावीत. त्या काळी वस्त्राला पिन लावत." मी लाजेने लाल होऊन वाचत होते. आणि मग सगळ्यात खाली: "बाकी गोष्ट मला फार आवडली. रविवारी सकाळी परत वाचून काढली. पण शेवट पटला नाही. त्या दोघांनी असा काय गुन्हा केलाय?"

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं, ते सांगत नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही टेकाडापाशी भेटलो. ते माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे असावेत. गुडघ्यांवर वाळलेला चिखल, पायात रबरी बूट, दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. दुसरी पेन्सिल कानावर आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बोलता बोलता हात गेला तेव्हा स्वतःच चकित झाले. शेतमालकही तिथेच होता. टेकाडाभोवतीची जमीन नांगरलेली, टेकाड मात्र तसंच, माथ्यावर एक काटेरी झाड. मी विचारलं, "तुमचा विश्वास आहे का, खाली कोणी राहतं यावर?"

"मुळीच नाही," शेतकरी म्हणाला. "पण म्हणून नांगर थोडाच घालतात?"

आम्ही दोघं एकदमच हसलो, आणि मग थांबताच येईना. कारण संपलं तरी हसू चालूच राहिलं.

त्यानंतरचे काही आठवडे मी कामाची नव्हते. ॲडम्सटाउनहून उलट्या दिशेच्या गाडीत बसून डब्लिनला पोचले, तेही दोनदा. चहात मीठ घातलं. आमच्या कारखान्यात धुळीचा एक कण चालत नाही, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट आणि तोंडावर मास्क असतो. त्या मास्कच्या आत मी पूर्ण शिफ्टभर हसत असे आणि कुणाला पत्ता लागत नसे. ससे वगळले, चहाच्या जागी ताक आणलं, बटाट्यांच्या जागी हेझलनट आणले. प्रत्येक दुरुस्ती विचारायला वेगळी ईमेल. एका ओटच्या लापशीवर आमच्या सतरा ईमेल झाल्या.

जूनमध्ये माझे बाबा अमरावतीहून आले. आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं पोरांना लोहारकाम शिकवलेलं. आई गेल्यापासून दरवर्षी ते उन्हाळ्यात माझ्याकडे येत. आल्या आल्या बिल्डिंगच्या लोखंडी फाटकापाशी थांबले, बोट फिरवलं आणि म्हणाले, "कोनं केलं हे वेल्डिंग? त्याले काही लाज?"

तिसऱ्या दिवशी साखर शोधताना त्यांना प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, माझ्या गोष्टीची छापील प्रत सापडली. इंग्रजी होती, म्हणून मी भाकऱ्या थापता थापता सगळी गोष्ट त्यांना मराठीत सांगितली. ओढ्याच्या दोन काठांपर्यंत आले तेव्हा बाबांची भाकरी ताटात तशीच होती.

"मंग?" ते म्हणाले.

"मग काय. दोघं धुक्यात विरघळतात."

"काहून वं? त्यायनं काय केलं?"

मी भाकरी जरा जास्तच जोरात थापू लागले. दोन अगदी वेगळ्या माणसांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

बाबांना पुढे बरंच बोलायचं होतं. माझी लोहारीण लाल तापलेलं लोखंड हातावर तोलते, हे त्यांना मुळीच खपलं नाही. "हा तुहा युअर मॅन काय पाहून रायला मंग? त्याले बोलाव इथं." मी फोन केला. माझा आवाज इतका वर गेला की बाबांनी वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे पाहिलं.

ते रविवारी दुपारी आले, रेल्वेने, हातात सोडा ब्रेड घेऊन. बाबांनी त्यांना समोर बसवलं आणि माझ्यामार्फत मुलाखत सुरू केली. खोदताना लोखंड सापडतं का? गंजून किती उरतं? भट्टी सापडली तर कशी ओळखता? ते उत्तर द्यायचे, मी मराठी करायची, बाबा मान हलवायचे. थोड्या वेळाने दोघांनी मला वगळलं. बाबांच्या आयटीआयमधल्या इंग्रजीत 'हीट', 'हॅमर' आणि 'नॉट लाइक दॅट' एवढं होतं, आणि तेवढं पुरलं. जाताना पाहुण्यांनी चार पोळ्या आणि वांग्याची भाजी संपवलेली होती.

"खड्डेवाले साहेब माणूस चांगला हाय," दार लावत बाबा म्हणाले. "जेवते मन लावून."

गोष्टीचा गुंता सोडवला तोही बाबांनीच. एके सकाळी ते सोफ्यावर बसून काशाच्या वाटीने तळपाय घासत होते. हे त्यांचं रोजचं. आई असताना ती घासून द्यायची, आता स्वतःच घासतात आणि वाटी जिथे जातील तिथे सामानात असते. घासता घासता हात थांबला.

"पोरी, त्या टेकाडाखालच्या माणसाले लोखंड नाई चालत. पन हे?" त्यांनी वाटी वर धरली. "कासं तर चालीन ना? लोखंडाच्या आंधी कासंच होतं. लोहारीण हाये ते, धातू तिले कळतो. लोखंड सोड आन् कासं ओत म्हनावं!"

मी तिथल्या तिथे खड्डेवाले साहेबांना फोन लावला. पलीकडे खोदकामाच्या यंत्राचा आवाज होता, ते ओरडून म्हणाले, "काय?" मी ओरडले, "कासं! ब्राँझ!" यंत्र बंद झालं. मग ते हळूच म्हणाले, "अरे देवा." अर्थात इंग्रजीत. मग भराभर बोलायला लागले: ते टेकाड ब्राँझच्याच काळातलं, लोखंड इथे यायच्याही कितीतरी आधीचं, म्हणजे खालचे लोक त्या जुन्या धातूचेच असणार, म्हणजे ती त्याच्यासाठी त्याच्या काळातला धातू शिकते, म्हणजे ती ओढा ओलांडते. "तुमच्या वडिलांना सांगा, ते थोर आहेत."

"थोर म्हणतायत तुम्हाला," मी म्हटलं.

"ते मले मालूम हाय," बाबा म्हणाले आणि दुसरा तळपाय घासायला घेतला.

नाटकात लोहारीण टेकाडाखालच्या माणसाच्या वस्त्राला स्वतः ओतलेली पिन लावेल, असा नवा शेवट ठरला. पिन खरीच ओतायची हा हट्ट बाबांचा. खड्डेवाले साहेबांचं लिक्सलिपच्या पलीकडे छोटं घर होतं, मागे परसात जागा. विटांची भट्टी रचली, कोळसा आणला, भात्याऐवजी माझा केस वाळवायचा ड्रायर लोखंडी नळीला जोडला. तांबं आणि कथील कुठे मिळेल याची चौकशी चालू होती, तेवढ्यात बाबांनी पिशवीतून वाटी काढली आणि मुशीत टाकली.

"बाबा, आईची आहे ती!"

"मंग? तिले आवडलं असतं," ते म्हणाले. "लगन जमवाचा लय नाद होता तिले."

हे वाक्य नेमकं कोणत्या लग्नाबद्दल होतं, ते मी विचारलं नाही. खड्डेवाले साहेबांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "धातू चांगला आहे म्हणाले."

पहिल्या वेळी पिनेचा मातीचा साचा ओलसर होता. कासं आत जाताच फुर्र करून तुषार उडाले आणि आम्ही तिघं कुंपणापर्यंत पळालो. बाबा सगळ्यात पुढे. "साचा गरम कराले सांगतलं होतं का नाई!" सांगितलं होतं. मी भाषांतर करायला विसरले होते, कारण साहेबांनी बाह्या दुमडल्या होत्या. दुसऱ्या वेळी साचा भट्टीशेजारी तासभर तापवला, सांडलेलं कासं गोळा करून पुन्हा वितळवलं. बाबांनी नारिंगी रंगाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "आता." सांडशी आम्ही दोघांनी धरली होती. धातू मधासारखा साच्यात उतरला. साचा फोडला तर आत एक वाकडीतिकडी, वीतभर लांब, सोनेरी पिन.

खड्डेवाले साहेब इतके आनंदले की त्यांनी काजळीने भरलेल्या हाताने स्वतःचं कपाळ पुसलं आणि मग, अगदी सहज, माझंही. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या मनात ते 'अहो'चे 'अरे' झाले. इतके महिने मनातल्या मनात मी त्यांना 'तुम्ही' म्हणत होते. इंग्रजीत सगळंच एक, त्यामुळे त्याला बिचाऱ्याला या बढतीचा पत्ताच नाही. घरी जाताना मी काळं कपाळ पुसलं नाही. गाडीत समोरची बाई माझ्याकडे पाहून हसली, मीही हसले.

ऑगस्टमधला तो रविवार लख्ख उन्हाचा निघाला. शेतात शंभरेक माणसं, घडीच्या खुर्च्या, गवतात पोरं. लोहारणीचं काम गावातल्या केशकर्तनवाल्या बाईने घेतलं होतं. दंडात बळ होतं, आवाज खणखणीत. टेकाडाखालचा माणूस होता पोस्टमन. नाल ठोकणाऱ्या एकाकडून खरी ऐरण मागून आणलेली. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. मी आणि तो कडेला उभे, गोष्टीची प्रत दोघांत मिळून धरलेली, खरं तर त्याची काहीच गरज नव्हती.

पहिला प्रवेश. बाईने हातोडा उचलला, दांडा मध्यावर धरला आणि ऐरणीवर दोन फटके मारले. बाबा खुर्चीत चुळबुळले. तिसरा फटका बसला आणि ते उठले.

"असा नाई धरत वं माय हातोडा!"

शंभर माना त्यांच्याकडे वळल्या. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाबा सरळ चालत ऐरणीपाशी गेले. "दांडा शेवटाले पकड. खांदा हालव, मनगट नाई. पाय असे. काहून घाबरतं? लोखंड तुले खात नाई."

केशकर्तनवाली बाई हुशार. ती एका गुडघ्यावर बसली, हातोडा दोन्ही हातांनी पुढे करून म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच दाखवा." बाबांना 'मास्टर' हा शब्द तेवढा कळला. त्यांनी हातोडा घेतला, एक मोठा ठोका, दोन लहान, ठण्ण, टिण टिण, पुन्हा ठण्ण, टिण टिण, जसं आयटीआयच्या शेडमध्ये दरवर्षी नव्या पोरांना दाखवत. तो नाद शेतावरून टेकाडापर्यंत गेला. पोस्टमनने न सांगता दोन्ही कान दाबून धरले आणि तशीच एंट्री घेतली. बाबांनी बाईच्या डोक्यावर हात ठेवला, "शाबास, आता तू कर," म्हणाले आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसले. टाळ्या थांबेनात.

माझ्या मागे बसलेल्या आजीबाई रुमालाने डोळे टिपत शेजारणीला सांगत होत्या, "इतकी जुनी आयरिश भाषा मी माझ्या आजीनंतर कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती."

तो माझ्या खांद्यावर डोकं टेकवून हसत होता. त्याचं सगळं अंग हलत होतं, आवाज काढायची सोय नव्हती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढे लोहारणीने ओढा ओलांडला, पिन लावली, पोस्टमन छान लाजला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. यातलं मला फार थोडं आठवतं. खांद्यावरचं वजन आठवतं.

लोक पांगल्यावर आम्ही खुर्च्या गोळा करत होतो. त्याच्या दोन्ही काखांत दोन-दोन खुर्च्या होत्या. मी अजिबात ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"मला वाटतं, मी तुझ्या प्रेमात पडले आहे."

"ग्रँड," तो म्हणाला.

आता, इथे 'ग्रँड' म्हणजे 'भव्य' नाही. 'दूध संपलंय, मी आणते' म्हटलं तरी ग्रँड, 'बस दहा मिनिटं उशिरा आहे' म्हटलं तरी ग्रँड. मी घडी घातलेलीच खुर्ची पुन्हा घडी घालायला घेतली. एवढ्यात त्याला मी काय बोलले ते कळलं. चारही खुर्च्या त्याच्या पायावर पडल्या. तो एका पायावर उड्या मारत "नाही, नाही, म्हणजे हो, हो, थांब," असं काहीतरी बोलू लागला, आणि उड्या मारत मारतच त्याने सांगितलं की पहिल्या ईमेलमध्ये मुळात मुद्दे एकोणीसच होते, बाकीचे बावीस त्याने शोधून शोधून वाढवले होते, कारण तेवढं लांबलचक पत्र आलं तर मी उत्तरही लांबलचक देईन. मी त्याला धरलं, निदान पडू नये म्हणून, आणि मग सोडलं नाही.

"काहून वं," दुरून बाबांचा आवाज आला, "खुर्च्या उचलता का तशाच ठेवता?"

त्या संध्याकाळी चहा घेताना बाबांनी त्याला समोर बसवलं. मी भाषांतराला सरसावले, तर मला हाताने थांबवून त्यांनी स्वतः इंग्रजीत विचारलं, "यू लाइक माय डॉटर?"

"व्हेरी मच," तो म्हणाला.

"शी कुक्स नॉट गुड."

"आय नो," तो म्हणाला, आणि बाबांनी उठून त्याला मिठी मारली. माझ्या बाजूने कुणी बोललंच नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही रजिस्ट्रारकडे जाऊन लग्न केलं. बाबा त्यासाठी महिनाभर आधीच आले. दुपारी गावाच्या हॉलमध्ये जेवण होतं: आमच्या बिल्डिंगमधल्या पुणे-नागपूरच्या मंडळींनी केलेला मसालेभात, आणि त्याच्या बहिणीने केलेले तीन केक. त्याच्या ऐंशी वर्षांच्या आत्याने बाबांचा हात धरून त्यांना इथला पायांचा नाच शिकवायला घेतलं. बाबांनी आधी नाही नाही म्हटलं, मग बूट काढले, मग टोपी काढली. तिसऱ्या फेरीला ते आत्याच्याही पुढे होते, आणि वाजवणारा थांबला तर त्याला म्हणत होते, "काहून थांबला बाप्पा? वाजव, वाजव!"